मापट्यातले तांदूळ आणि खिडकीचा उजेड : प्रतीकात्मक स्थिरचित्रांतून छायाचित्रण शिकताना

छायाचित्रण शिकायला सुरुवात करणाऱ्याने आधी डोंगरावर जावे, बाजारात फिरावे की लग्नसमारंभात उभे राहावे, याबद्दल निरनिराळी मते ऐकू येतात. माझे मत असे आहे की त्याने आधी घरातल्या खिडकीपाशी एक टेबल ओढावे आणि त्यावर एकच वस्तू ठेवावी. वस्तू हलत नाही, कंटाळत नाही, घाई करत नाही. उजेड, मांडणी, अंतर आणि आपला विचार या चारच गोष्टी हाताशी उरतात आणि त्यांतली एक बदलली की चित्रात काय बदलते, हे तिथल्या तिथे दिसते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांनी तांब्या, दोन वांगी आणि चुण्या पडलेले कापड समोर ठेवून हाच अभ्यास पेन्सिलीने केलेला असतो. प्रतीकात्मक स्थिरचित्रात त्यापुढची एक पायरी असते. तिथे वस्तू नीट दिसणे पुरेसे नसते. तिने आपल्यापलीकडचे काहीतरी, म्हणजे वियोग, भरभराट, वाट पाहणे किंवा एखाद्या घराची रीत, बघणाऱ्याच्या मनात उभे करायचे असते.

हा अर्थ चित्रातूनच पोहोचला पाहिजे, खाली लिहिलेल्या ओळींतून नव्हे, अशी या लेखाची भूमिका आहे. तो पोहोचला की नाही हे एकट्याने ठरवता येत नाही, म्हणून अनोळखी माणसांसमोर चित्र ठेवणे हा शिकण्याचा भाग ठरतो. ऑनलाइन प्रसिद्धीचा खरा उपयोग तेवढ्यासाठी करावा.

या प्रकारामागे मोठी परंपरा आहे आणि ती थोडी ठाऊक असली तर वस्तूंकडे पाहण्याची नजर बदलते. सतराव्या शतकात हार्लेम, लायडन अशा डच शहरांतले चित्रकार कवटी, वाळूचे घड्याळ, विझलेली मेणबत्ती, उलटा पडलेला पेला अशा वस्तू एकत्र मांडून आयुष्याच्या क्षणभंगुरतेबद्दल बोलत. छायाचित्रण जन्माला आले तेव्हाही वस्तूच आधी पुढे आल्या, कारण प्रतिमा उमटायला बराच वेळ लागे आणि तेवढा वेळ न हलता थांबणे वस्तूंनाच शक्य होते. छायाचित्रणाच्या फ्रान्समधल्या आद्य शोधकांपैकी एक लुई दागेर यांनी १८३७ साली घेतलेल्या छायाचित्रात त्यांच्या कार्यशाळेतले प्लास्टरचे पुतळे आणि इतर वस्तू दिसतात. इंग्लंडमधले तसेच आद्य शोधक हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४४ मध्ये उघड्या दाराशी टेकवलेल्या झाडूचे छायाचित्र घेतले आणि असा साधा, रोजचा विषय निवडण्याला डच चित्रकारांचा आधार आहे असे नमूद केले. तोच झाडू आपल्याकडे केरसुणी होऊन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हळदकुंकू लावून घेतो. टॅलबट यांचे चित्र पाहणाऱ्या मराठी माणसाला त्या झाडूत आणखी काही दिसले, तर ते चित्रकर्त्याच्या मनात नव्हते एवढ्यावरून चुकीचे ठरत नाही. प्रतीक अर्धे वस्तूत असते आणि अर्धे बघणाऱ्याच्या ओळखीत, हे लक्षात ठेवून पुढची प्रत्येक पायरी वाचावी.

वस्तू निवडणे

नवशिक्यांची बहुतेक प्रतीकात्मक चित्रे ठरावीक वस्तूंभोवती फिरतात: सुकलेला गुलाब, पेटती मेणबत्ती, जुने पुस्तक आणि त्यावर ठेवलेला चष्मा, बुद्धिबळाचा राजा, तुटलेली काच. या वस्तू वाईट नाहीत, पण त्यांचा अर्थ आधीच ठरून गेलेला असल्यामुळे बघणारा चित्राकडे न पाहता त्या ठरलेल्या अर्थाकडे पाहतो आणि पुढे सरकतो. त्यापेक्षा घरात खरोखर वापरली गेलेली, जिच्यावर हाताची झीज दिसते अशी वस्तू घ्यावी. मधोमध बारीक झालेले लाटणे, खुंटा सैल झालेले जाते, कडा काळ्या पडलेला तवा, पानाच्या डब्यातला अडकित्ता, टाळांची झिजलेली दोरी, एका बाजूने दबलेली कोल्हापुरी चप्पल, दुमडून दुमडून घडीवर फाटलेले आंतरदेशीय पत्र. अशा वस्तूंवर काळाने केलेले काम आयते असते. छायाचित्रकाराने ते दिसेल असा उजेड तेवढा द्यायचा असतो.

निवड करताना वस्तूबद्दल वहीत एक वाक्य लिहून पाहावे आणि त्या वाक्यात क्रियापद असावे. ‘आजीची आठवण’ हे वाक्य नव्हे. त्यावरून मांडणी कशी करायची हे काहीच कळत नाही. ‘आजी सुपारी कातरताना कोणाशी बोलत नसे’ असे लिहिले की अडकित्ता मिटलेला ठेवायचा की उघडा, शेजारी कातरलेली सुपारी हवी की अख्खी, आजूबाजूला किती रिकामी जागा सोडायची, या सगळ्या प्रश्नांना दिशा मिळते. असे वाक्य जमत नसेल तर ती वस्तू बाजूला ठेवून दुसरी घ्यावी.

एक मापटे, तीन चित्रे

ही सगळी प्रक्रिया एका वस्तूवर सविस्तर करून पाहू. धान्य मोजायचे जुने मापटे अजून पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा डब्यांच्या रांगेमागे सापडते. आपल्याकडे दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर असा हिशोब चाले. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली गेली, ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि ही मापे हळूहळू दुकानांतून हद्दपार झाली, तरी कोकणात तांदळाच्या बाबतीत पायलीचा हिशोब आजही कानांवर येतो. लग्नानंतर नववधू उंबऱ्यावर ठेवलेले तांदळाचे माप पायाने हलकेच लवंडून घरात येते, तेही याच जातीचे भांडे. म्हणजे मोजणे, पुरवणे, जपून वापरणे आणि घरात येणे असे किमान चार अर्थ या एका वस्तूत आधीपासून भरलेले आहेत. छायाचित्रकाराला त्यांतला एक निवडून बाकीचे मागे ठेवायचे असतात.

पहिल्या चित्रात गृहप्रवेश हवा आहे असे समजू. मापटे शिगोशीग भरून घ्यावे, जुन्या लाकडी फळीवर किंवा खऱ्या उंबऱ्यावर ठेवावे आणि मग हाताने नव्हे, तर पायाच्या अंगठ्याने लवंडावे, कारण हाताने ओतलेल्या तांदळाचा ढीग वेगळा पडतो आणि पायाने ढकललेल्या मापातून दाणे लांबवर, पंख्यासारखे पसरतात. कॅमेरा जमिनीलगत, घराच्या आतल्या बाजूला ठेवावा, म्हणजे दाणे बघणाऱ्याकडे येतात आणि उजेड दाराकडून, म्हणजे मापट्याच्या पाठीमागून येतो. अशा उजेडात पुढचे दाणे कडेने चकाकतात आणि मापट्याची बाजू अंधारात जाते. चौकटीत पाऊल दाखवू नये. ते दाखवले तर चित्र लग्नाच्या अल्बममधले होते. न दाखवता जर ते जाणवले, तर चित्र प्रतीकात्मक झाले.

दुसऱ्या चित्रात टंचाई हवी आहे. मापटे तेच आणि तांदूळही तेच, पण आता तळाशी मूठभरसुद्धा नाहीत. कॅमेरा वरून, साधारण पंचेचाळीस ते साठ अंशांच्या कोनात आणावा, म्हणजे तोंडाची कड, आतली भिंत आणि तळ असे तिन्ही दिसतात. उजेड एका बाजूने, तोही थोडा वरून असा घ्यावा की आतली अर्धी बाजू काळोखात राहील आणि त्या काळोखाच्या काठावर काही दाणे पडलेले असतील. दाणे मोजके, पण विखुरलेले ठेवावेत. ते एका जागी गोळा केले तर कोणीतरी मुद्दाम ठेवल्यासारखे वाटतात, आणि भिंतीला चिकटलेले दोन-तीन दाणे राहू दिले तर हे भांडे नुकतेच पालथे करून झटकले आहे असे बघणाऱ्याला आपोआप कळते. टंचाई त्या चिकटलेल्या दाण्यांत आहे. एवढी बारीक गोष्ट प्रयत्न करून पाहिल्याशिवाय सापडत नाही, म्हणून मांडणी दर वेळी थोडी बदलून छायाचित्रे घेत राहावे.

तिसऱ्या चित्राचा विषय काळ बदलल्याचा आहे. इथे मनात पहिली कल्पना येते ती मापट्याशेजारी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ठेवण्याची. ती मी सुचवणार नाही, कारण जुने आणि नवे शेजारी ठेवले की चित्र शाळेच्या फलकावरच्या तक्त्यासारखे समजावून सांगू लागते. त्याऐवजी आज हे मापटे घरात प्रत्यक्ष काय करते ते पाहावे. बऱ्याच घरांत त्यात पेने आणि कात्री ठेवलेली असते, किंवा त्यात मनीप्लँट लावून ते शोभेसाठी दिवाणखान्यात आलेले असते. ते जिथे आहे तिथेच, टीव्हीच्या रिमोटशेजारी, संध्याकाळच्या उजेडात टिपावे. काही न मांडता मिळालेली ही मांडणी पहिल्या दोन्ही चित्रांपेक्षा अधिक बोलू शकते.

उजेड

स्थिरचित्रात उजेड हीच खरी लेखणी आहे आणि घरातली एक खिडकी सुरुवातीला पुरेशी आहे. उत्तरेकडे उघडणारी खिडकी सर्वांत सोयीची, कारण तिच्यातून थेट ऊन क्वचितच येते आणि उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. तशी खिडकी नसेल तर ऊन सरकून गेल्यानंतरची वेळ धरावी, किंवा काचेवर बटर पेपर अथवा धुतलेले पांढरे धोतर ताणून लावावे. पावसाळ्यात ढगाळलेले आकाश हे काम फुकट करून देते. छायाचित्र घेताना खोलीतले ट्यूबलाइट आणि बल्ब बंद ठेवावेत. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा असल्यामुळे दोन्ही मिसळले की तांदळाच्या एका बाजूचा रंग दुसरीशी जुळत नाही आणि नंतर तो दुरुस्त करणे जिकिरीचे होते.

टेबल खिडकीच्या शेजारी असे ठेवावे की उजेड वस्तूच्या डावीकडून किंवा उजवीकडून येईल. कॅमेऱ्याच्या पाठीमागून येणारा उजेड वस्तू सपाट करतो. बाजूने येणारा उजेड झीज, चरे, पोचे आणि दाण्यांचा पोत उठावदार करतो. वस्तू खिडकीला जितकी जवळ, तितका तिच्यात आणि मागच्या भिंतीत उजेडाचा फरक मोठा. म्हणून पार्श्वभूमी काळोखात बुडवायची असेल तर वस्तू खिडकीच्या अगदी जवळ आणावी आणि सगळीकडे सौम्य, सारखा उजेड हवा असेल तर ती खोलीत मागे न्यावी. सावलीच्या बाजूला पांढरा कार्डपेपर उभा केला की सावली उजळते, काळा कार्डपेपर उभा केला की ती आणखी गडद होते. या दोन कागदांनी चित्राचा भाव किती बदलतो हे एकदा अनुभवले, की महागडी उपकरणे घेण्याची घाई राहत नाही. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांचे १९३० सालचे ढोबळ्या मिरचीचे प्रसिद्ध छायाचित्र त्यांनी मिरची टिनच्या नरसाळ्यात ठेवून घेतले होते. नरसाळ्याच्या आतल्या पृष्ठभागाने उजेड चहूबाजूंनी परतवला आणि साधी भाजी शिल्पासारखी दिसू लागली.

मऊ उजेड नेहमीच चांगला, असेही समजू नये. हंगेरीत जन्मलेले छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांनी १९२८ मध्ये पॅरिसला बशीच्या काठावर टेकवलेल्या एका काट्याचे छायाचित्र घेतले. त्यात सावलीला काट्याइतकेच महत्त्व आहे, आणि तशी रेखीव सावली कडक उजेडातच मिळते. आपल्या घरांच्या खिडक्यांना असलेल्या ग्रिलची सावली दुपारच्या उन्हात जमिनीवर पडते, तिचाही असा उपयोग होतो. फक्त ती वस्तूवरून जाताना तिच्या अर्थात भर घालते की नुसती नक्षी काढते, हे तपासून घ्यावे.

पितळ, स्टील आणि काच यांबाबत एक वेगळी सूचना. चकचकीत केलेल्या समईचे छायाचित्र घेताना आपण समईचे नव्हे, तर तिच्यात दिसणाऱ्या खोलीचे छायाचित्र घेत असतो. म्हणून गडद कपडे घालावेत, समोरच्या भिंतीवरची रंगीत कॅलेंडरे काढावीत आणि समईच्या दोन्ही बाजूंना पांढरे कागद उभे करावेत, म्हणजे तिच्यावर रुंद, स्वच्छ उजळ पट्टे पडतात. थोडी काळवंडलेली समई अनेकदा नव्याने घासलेल्या समईपेक्षा चांगली येते.

कॅमेरा, मोबाइल आणि पार्श्वभूमी

आजचा साधारण मोबाइल या कामाला पुरतो. त्याची नेहमीची रुंद दृष्टीची लेन्स वस्तूच्या अगदी जवळ नेली तर पुढचा भाग फुगीर आणि मागचा आक्रसलेला दिसतो, म्हणून थोडे मागे सरकून दुप्पट झूमची लेन्स वापरावी. मोबाइल ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून ठेवावा, लेन्स मऊ कापडाने पुसावी, तीन सेकंदांचा टायमर लावावा. पडद्यावर वस्तूच्या महत्त्वाच्या भागावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेडाचे माप तिथे पक्के होते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे तांदूळ असतील तर मोबाइल चित्र अवाजवी उजळ करतो आणि दाण्यांचा पोत नाहीसा होतो, म्हणून उजेडाची पट्टी खाली ओढून दाणे वेगवेगळे दिसू लागतील तिथे थांबावे. पोर्ट्रेट मोड टाळावा. तो पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या धूसर करतो आणि मापट्याच्या कडा, पत्राची फाटकी टोके अशा बारीक जागी त्याची फसवणूक उघडी पडते.

कॅमेरा असेल तर ॲपर्चर प्रायॉरिटीवर (यात लेन्सचे छिद्र आपण ठरवतो आणि शटरचा वेळ कॅमेरा) एफ ८ ते एफ ११ हे लहान छिद्र, आयएसओ १०० ही उजेडाची कमी संवेदनशीलता आणि ट्रायपॉड, एवढ्यावर सुरुवात करावी. खिडकीच्या उजेडात शटरचा वेळ पाव सेकंद किंवा त्याहून जास्त येईल. वस्तू हलत नसल्यामुळे त्याची काळजी नाही, मात्र बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर वापरावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्करण न केलेली मूळ फाइल ठेवता आली तर ठेवावी. एफ १.८ वर, म्हणजे छिद्र मोठे उघडून घेतलेल्या चित्रात मापट्याची पुढची कड स्पष्ट आणि आतले दाणे धूसर येतात. अर्थ दाण्यांत असेल तर अशी धूसरता नुकसानच करते.

पार्श्वभूमीसाठी शहाबादी फरशी, गोणपाट, जुना पाट, साधे खादीचे कापड किंवा गिलाव्याची भिंत यांतले काहीही चालेल. फुलाफुलांचे प्लास्टिकचे टेबलक्लॉथ मात्र काढून ठेवावे.

निवड आणि संस्करण

छायाचित्रे घेतलीत त्याच दिवशी त्यांतले एक निवडण्याचा मोह आवरावा. रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी सगळी एकत्र पाहिली की मेहनतीची आठवण थोडी मागे पडते आणि चित्रे चित्रांसारखी दिसतात. निवडलेले चित्र मोबाइलच्या पडद्यावर अगदी लहान करून पाहावे. टपाल तिकिटाएवढ्या आकारातही नजर जिथे जायला हवी तिथे जात असेल, तर त्याचा पाया भक्कम आहे.

संस्करणासाठी मोबाइलवर स्नॅपसीड आणि संगणकावर डार्कटेबल किंवा गिंप ही विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. क्रम साधा ठेवावा: आधी चौकट सरळ करून कापणे, मग एकूण उजेड, मग रंगांचा तोल आणि शेवटी ठरावीक जागा थोड्या उजळ किंवा गडद करणे. यांतले शेवटचे काम स्थिरचित्रात सर्वांत मोलाचे असते, कारण कोपऱ्यातला उगाच चमकणारा भाग किंचित गडद केला की नजर आपोआप आत वळते. फिल्टर लावून सगळे चित्र तपकिरी केल्याने ते जुने होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने चित्रात नसलेली वस्तू आणून ठेवली असेल, तर ते चित्रासोबत स्पष्ट सांगावे. लपवले तर मिळणारी प्रत्येक प्रतिक्रिया दुसऱ्याच कोणाच्या तरी कामाला मिळते. तयार चित्र एसआरजीबी या रंगप्रणालीत साठवावे, नाहीतर अनेक पडद्यांवर त्याचे रंग फिके दिसतात.

चित्र लोकांपुढे ठेवताना

कुठे ठेवावे, हा प्रश्न नवशिक्यांना जेवढा मोठा वाटतो तेवढा नाही. इन्स्टाग्रामवर बघणारे पुष्कळ, पण ते मोबाइलवर आणि भरभर पाहतात; तिथे उभे, चारास पाच प्रमाणातले १०८० बाय १३५० पिक्सेलचे चित्र पडद्याची बरीच जागा व्यापते. फ्लिकरवर चित्र मोठे पाहता येते, कॅमेऱ्याची माहिती सोबत दिसते आणि विषयवार गट आहेत. विनामूल्य खात्याला १,००० छायाचित्रांची मर्यादा आहे, पण ती गाठायला नवशिक्याला बराच काळ लागेल. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, कारण साधे पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते.

कसे ठेवावे, हे अधिक महत्त्वाचे आहे. पहिल्यांदा चित्र शीर्षकाशिवाय, किंवा केवळ ‘मापटे, तांदूळ’ अशा वस्तूंच्या नावांसह ठेवावे आणि सोबत दोन प्रश्न विचारावेत: सर्वांत आधी नजर कुठे गेली, आणि या चित्राआधी काय घडले असावे असे वाटते? ‘चित्र कसे वाटले’ असे विचारले तर ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘क्या बात’ अशी उत्तरे मिळतात. ती आपुलकीची असतात आणि त्यांचे आभार मानावेत. पण त्यांतून पुढच्या चित्राला काही मिळत नाही. ‘आधी काय घडले’ या प्रश्नाला मात्र माणसे गोष्ट सांगू लागतात. टंचाईच्या चित्राला कोणी ‘नुकतेच कोणाला तरी दान दिले’ असे म्हटले, तर त्याला खोडून न काढता चित्राकडे परत जावे. मापट्याचे तोंड बाहेरच्या बाजूला कललेले असल्यामुळे ते कोणाच्या तरी ओंजळीत रिते झाल्यासारखे दिसते का? तसे असेल तर ते सरळ उभे करून, फक्त तेवढाच बदल ठेवून चित्र पुन्हा घ्यावे आणि दोन्ही शेजारी शेजारी पाहावीत. किंवा दान हा अर्थ आपल्या अर्थापेक्षा चांगला आहे असे वाटले, तर तो घ्यावा आणि मापटे आणखी कलते करावे. प्रतिक्रियांचा खरा लाभ तो हाच.

मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवताना उत्तर देणारा आपल्या रीतीभाती ओळखणारा आहे की नाही याचीही नोंद करावी. लवंडलेल्या मापाच्या चित्रात मराठी घरातली व्यक्ती क्षणात नववधू पाहील, अमेरिकेत किंवा दुबईत वाढलेल्या मराठी मुलीला ते आईच्या लग्नाच्या अल्बममधून आठवेल आणि ब्राझीलमधल्या बघणाऱ्याला सांडलेले धान्य दिसेल, कदाचित अपघात किंवा नासाडीही वाटेल. तिघेही बरोबर पाहत असतात. पण सांडण्यातला आनंद तिसऱ्यापर्यंतही पोहोचावा असे वाटत असेल, तर मापट्याशेजारी झेंडूची एक पाकळी पुरेशी होते की उजेड अधिक उबदार हवा, याचा विचार सुरू होतो. आणि तो पोहोचण्याची गरज नसेल, तर हे चित्र कोणासाठी आहे हे निश्चित करून शांतपणे पुढे जाता येते.

प्रश्नांची उत्तरे आल्यानंतर, दोन-तीन दिवसांनी, शीर्षक द्यावे. शीर्षकाने चित्रात आधीच दिसणारी गोष्ट पुन्हा सांगू नये. रिकाम्या मापट्याला ‘भूक’ हे शीर्षक दिले तर बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. ‘ज्येष्ठ’ असे दिले तर पावसाआधीचे, साठा संपत आलेले घर त्याच्या मनात आपसूक उभे राहते. दृष्टिहीन वाचकांसाठी चित्राचे वर्णन लिहिण्याची सोय इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी असते, ती टाळू नये. दोन वाक्यांत चित्राचे नेमके वर्णन करताना चित्रात नक्की काय आहे आणि काय आपण गृहीत धरले होते, हे आपल्यालाही कळते.

दुसऱ्यांच्या चित्रांवर लिहिणे हाही सरावाचाच भाग आहे. नजर कुठे थांबली, ती कशामुळे थांबली आणि चित्र पाहून कोणता प्रश्न पडला, एवढे तीन वाक्यांत लिहावे. ‘मी असतो तर असे केले असते’ हे न विचारता सांगू नये. अशी मनापासून लिहिलेली नोंद वाचून समोरची व्यक्तीही तुमचे चित्र तितक्याच काळजीने पाहते.

हक्क आणि खाजगी गोष्टी

भारतीय कायद्यानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती त्या छायाचित्राची कर्ती असते आणि तिचा हक्क नोंदणी न करताही निर्माण होतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. चित्राच्या मधोमध मोठे नाव छापून ते विद्रूप करण्यापेक्षा मूळ फाइल जपून ठेवणे हा कर्तृत्वाचा अधिक चांगला पुरावा आहे. इतरांना वापर करू द्यायचा असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे वापराच्या अटी आधीच सांगणाऱ्या तयार परवान्यांतला योग्य तो निवडून स्पष्ट लिहावा. स्पर्धेत भाग घेण्याआधी तिचे नियम पूर्ण वाचावेत. प्रवेशिका पाठवली म्हणजे आयोजकांना चित्राचा कायमचा आणि अमर्याद वापर करण्याची मुभा दिली, असे कलम काही ठिकाणी असते आणि तिथे आपले चांगले चित्र पाठवू नये.

घरातल्या वस्तूंची छायाचित्रे निरुपद्रवी वाटतात, पण त्यांत घर दिसते. जुन्या पत्रावर पत्ता असतो, औषधांच्या बाटलीवर रुग्णाचे नाव असते, पासबुकावर खाते क्रमांक असतो आणि मोबाइलने घेतलेल्या फाइलमध्ये घराचे स्थान नोंदलेले असू शकते. छायाचित्र घेण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद करावी आणि अक्षरे वाचता येणार नाहीत असा कोन निवडावा. दिवंगत व्यक्तीचा चष्मा, काठी, कुंकवाचा करंडा अशा वस्तूंचे चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी घरातल्यांना विचारावे. त्यांची ना असेल तर चित्र घ्यावे, पण स्वतःजवळच ठेवावे.

सुट्या चित्रांकडून मालिकेकडे

सुटी चित्रे घेण्याचा हात बसला की एका विषयावर पाच-सात चित्रांची मालिका करायला घ्यावी, उदाहरणार्थ मोजण्याच्या वस्तू: मापटे, तागडी, शिंप्याची टेप, तापमापक, जपमाळ. मालिकेत उजेडाची दिशा, पार्श्वभूमी आणि वस्तूपासूनचे अंतर शक्यतो कायम ठेवावे, म्हणजे बघणाऱ्याचे लक्ष वस्तूंमधल्या नात्याकडे जाते. आठवड्याला एक चित्र हा वेग नोकरी सांभाळून जमण्यासारखा आहे. मालिकेतले प्रत्येक चित्र ओळीने प्रसिद्ध करत न जाता, तीन तयार झाल्यावर पहिले पुढे आणावे. तोवर मालिकेचा सूर सापडलेला असतो आणि पहिले चित्र पुन्हा घ्यावेसे वाटले तर संधी हातात असते.

अशी मालिका पूर्ण झाली की तिच्यातली दोन चित्रे कागदावर छापून घ्यावीत, मॅट कागदावर आणि शक्य असेल तर बारा बाय अठरा इंचांत. पडद्यावर आतून उजळलेले दिसणारे गडद भाग कागदावर काळेठिक्कर होतात, हे पहिल्या प्रतीतच कळते. तसे झाले तर सावलीचा भाग थोडा उजळून छोटी चाचणी प्रत काढावी आणि मगच मोठी काढावी. ज्यांना पुढे स्पर्धात्मक प्रदर्शनांत उतरायचे आहे त्यांनी फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी किंवा फियाप या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेली प्रदर्शने पाहावीत. तिथे स्थिरचित्रे सहसा खुल्या रंगीत किंवा एकरंगी विभागात पाठवली जातात. पाठवताना प्रत्येक प्रदर्शनाने ठरवून दिलेला पिक्सेलचा आकार पाळावा, चित्रावर स्वतःचे नाव असू देऊ नये आणि शीर्षक परीक्षकाला मराठी रीत ठाऊक नाही असे धरून निवडावे.